झील

"तू सुरू कर," तांगी म्हणाला.

म्हणाला म्हणजे, विजेरीएवढं ते यंत्र त्यानं गळ्याला टेकवलं, बटण दाबलं आणि ओठ हलवले. आवाज यंत्रातून आला. सपाट, एका सुरातला, बाटलीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखा.

गुल्वेन चुलीपाशी उभा राहून धिरडी करत होता. "सुरू कर," तो पुटपुटला. काळ्या गव्हाच्या धिरड्याची कड त्यानं लाकडी उलथण्यानं उचलून पाहिली, त्यावर खारं लोणी फिरवलं, आणि मग म्हणाला, "नाही."

समोरच्यानं बोललेल्या वाक्याचं शेपूट आधी आपल्या तोंडात घोळवायचं आणि मग उत्तर द्यायचं, ही गुल्वेनची जन्माची सवय. आयुष्यभर त्यानं दूध-संघाचा टँकर चालवला. पहाटेपासून वाडीवाडीवर गोठ्यापुढे उभा राहायचा, पाइप जोडायचा. शेतकरी म्हणायचे, "आज दूध कमीच आहे, गुल्वेन." हा म्हणायचा, "कमीच आहे. बरं." शेजारची सोआझिग म्हातारी तर त्याला तोंडावर म्हणायची, की तुझ्याशी बोलणं म्हणजे विहिरीत वाकून बोलणं, विहीर तरी कधीमधी बेडूक दाखवते.

पण ही सवय लागली ती गाण्यामुळे, हे केरव्हेल गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फ्रान्समधल्या मध्य ब्रिटनीच्या या टेकाडांवर नाचाची गाणी दोघांनी मिळून म्हणायची असतात. बाजूला वाद्य नाही, डफ नाही. नाचणाऱ्यांची पावलं हाच ताल. एकानं ओळ म्हणायची. ओळ संपत आली, की शेवटच्या दोन-तीन अक्षरांत दुसऱ्यानं आपला सूर मिसळायचा, झील धरायची, आणि तीच ओळ पुन्हा म्हणायची. त्याच्या शेपटाला परत पहिल्यानं धरायचं. असं एकमेकांत गुंतत गेलं की गाण्याला कुठं भोक पडत नाही. एक दम घेतो तेव्हा दुसरा गातो. दोन माणसं, पण श्वास एकच असल्यासारखा.

तांगी पहिला, गुल्वेन दुसरा. हे त्यांच्या आईनं लहानपणीच ठरवून टाकलं होतं, आणि ठरवताना कुणाला काही विचारलं नव्हतं. तांगी तीन वर्षांनी मोठा. त्याच्या अंगात गाणं असं होतं की तोंड उघडलं की बाया हातातली कामं ठेवून अंगणात यायच्या. गुल्वेनला ओळ सुरू करायला कधी कुणी सांगितलंच नाही. त्यालाही ते कधी सुचलं नाही.

"वाजवा म्हणून मागे लागलेल्या एनोराला काय सांगू?" यंत्र गुणगुणलं.

"काय सांगू," गुल्वेन म्हणाला. "सांग, भावाचा सूर पहिला. भाऊ नसेल तर गाणं नाही."

तांगीनं आपल्या गळ्याकडे बोट केलं. गळपट्टीच्या जागी तो एक निळा सुती रुमाल बांधायचा. त्या रुमालाखाली, दोन हाडांच्या मधल्या खळगीत, डॉक्टरांनी श्वासासाठी ठेवलेलं भोक होतं. दोन वर्षांपूर्वी घशातला रोग काढताना आवाजाची पेटीच काढावी लागली. नाकातोंडाचा आणि छातीचा संबंध सुटला. गाणं गेलं, फुंकणं गेलं, सूपवर फुंकर घालणंसुद्धा गेलं. आता रोग छातीत उतरला होता. डॉक्टरीणबाई फ्रेंच मऊपणानं बोलल्या होत्या, पण त्यांच्या बोलण्यात पुढचा उन्हाळा कुठंच आला नव्हता. ते दोघांनीही ऐकलं होतं आणि घरी येताना दोघंही सफरचंदांच्या भावाबद्दल बोलले होते.

तांगीनं यंत्र पुन्हा लावलं. "या आवाजासाठी आपण बँडच्या दिवसांत नांत शहरातून सिंथेसायझर भाड्यानं आणला होता," तो म्हणाला. "आठवतं? आता फुकट गळ्यात बसलाय. आणि तू म्हणतोस भाऊ नाही."

गुल्वेनला हसू आलं. ते लपवायला तो तव्याकडे वळला.

*

ती गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या उन्हाळ्याची. त्या वर्षी ब्रिटनीत गवताचं पातं उभं राहिलं नाही. गवत नाही म्हणून त्यांच्या बापाची गंजीची वखार रिकामी, आणि वखार रिकामी म्हणून तांगीच्या डोक्यात खूळ. पॅरिसमध्ये दोन वर्षं जॅझवाल्यांबरोबर सॅक्सोफोन वाजवून तो घरी आला होता. येताना इलेक्ट्रिक पियानो वाजवणारी एक मुलगी, नांतचा एक ड्रमवाला आणि बास गिटारवाला असा संसार घेऊन आला. भिंतींना गाद्या बांधल्या. टेपचं यंत्र दुधाच्या कॅनवर ठेवलं. गुल्वेनच्या हातात बास क्लॅरिनेट दिलं, गुडघ्यापर्यंत येणारं, काळं, म्हाताऱ्या बैलाच्या आवाजाचं. आणि सांगितलं, माझ्या ओळीचं शेपूट धर, घरी धरतोस तसं.

बँडचं नाव लान्व, म्हणजे भरती. त्यांच्या एकुलत्या एका रेकॉर्डचं नाव दिस्कार, म्हणजे ओहोटी. गावातल्या कॅफेत लोक म्हणायचे, पोरांनी निदान क्रम तरी बरोबर लावला.

ओहोटी आली ती पहिल्याच नाचाला. तांगीनं आईच्या गाण्यातल्या बारा मात्रांमधली एक काढून टाकली होती. शेजारच्या रोस्त्रेनेन गावच्या हॉलमध्ये दोनशे माणसं करंगळीत करंगळी गुंतवून रिंगण धरून उभी. इलेक्ट्रिक पियानो सुरू झाला, ड्रम सुरू झाला, सॅक्सोफोननं ओळ टाकली आणि रिंगणाचं पाऊल जिथं पडायचं तिथं जमीनच नव्हती. पुढच्यावर मागचा, मागच्यावर त्याची सासू. रिंगण ज्वारीचं शेत वाऱ्यानं लोळावं तसं लोळलं. सोआझिग तेव्हा तरणीताठी होती. तिचा घोटा मुरगळला. लोक शिव्या घालत बाहेर सफरचंदाची सायडर प्यायला निघून गेले.

एक आई तेवढी हॉलच्या मधोमध उभी राहिली. काळा पोशाख, पायात लाकडी तळाचे जोडे. वाजवणं थांबलं नव्हतं, थांबवायचं कुणाला सुचलं नव्हतं. ती ऐकत राहिली. मग एकटीच हलकेच पाऊल टाकू लागली, चुकली, पुन्हा टाकलं, आणि थोड्या वेळानं ती बरोबर नाचत होती. अकरा मात्रांत. नंतर घरी ती एवढंच म्हणाली, "एक पाऊल चोरलंत. ते कुठं ठेवलंत, ते मला कळलं."

कुठं ठेवलं होतं ते गुल्वेनला पहिल्यापासून ठाऊक होतं.

रेकॉर्डच्या चारशे प्रती निघाल्या. थोड्या खपल्या, उरलेल्या माळ्यावर उंदरांनी वाचल्या. पियानोवाली पॅरिसला परतली, ड्रमवाल्यानं सासऱ्याची बेकरी घेतली. तांगी जाहिरातींसाठी, सर्कशींसाठी, लग्नांसाठी, मिळेल तिथं वाजवत शहरोशहरी फिरला. आईला अर्धांगवायू झाला म्हणून गुल्वेन राहिला, आणि राहिला तो राहिलाच. बास क्लॅरिनेट कपाटावर होतं. वर्षातून एकदा तो त्याच्या जोडांना तेल द्यायचा, झाकण लावायचा. वाजवायचा नाही. ओळ कुणी टाकलीच नाही, तर शेपूट कशाचं धरायचं?

मग कधीतरी तोक्योहून एक सभ्य गृहस्थ ती जुनी रेकॉर्ड शोधत आला, वखारीचे फोटो काढून, दारात वाकून गेला. मग लिऑनच्या कुणी छोट्या प्रकाशकानं रेकॉर्ड पुन्हा काढली. लोक लिहू लागले, की रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला दोन वाद्यं लाटेवर लाट चढावी तशी एकमेकांवर चढतात, असं कुठं ऐकलं नाही. आणि आता रोस्त्रेनेनच्या संगीतशाळेत शिकवणारी एनोरा मागे लागली होती, की ही दुसरी बाजू गावात, गावाच्या लोकांपुढे, पुन्हा वाजवायची. रविवारी दुपारी, म्हणजे म्हाताऱ्यांनाही येता येईल. तांगीचा भाग ती वाजवणार, तांगीच्याच सॅक्सोफोनवर. पियानो आणि ड्रम तिचे विद्यार्थी सांभाळणार. गुल्वेननं ओळ सुरू करायची नाही, फक्त आपला झिलीचा भाग वाजवायचा; त्याला तो कसाबसा तयार झाला. एवढंच.

*

एवढंच नव्हतं ते.

पहिल्या तालमीला एनोरानं ओळ टाकली. चांगली टाकली. स्वच्छ, भरदार, शेवटपर्यंत गोलाई राखून. गुल्वेननं क्लॅरिनेटला ओठ लावले. ओळ उताराला लागली, आणि त्याचा सूर आत गेला. आणि दोघं धडकले. पुन्हा घेतलं. पुन्हा धडकले. एनोरा पस्तिशीची, शांत डोक्याची बाई. तिनं आपल्याकडेच चूक घेतली, टेप लावून ऐकलं, परत वाजवलं. दरवेळी हा केसभर आधी यायचा.

"गुल्वेन, तुम्ही थोडं लवकर येताय का?" तिनं शेवटी विचारलं.

"येताय का," गुल्वेन म्हणाला, आणि त्यानं क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं.

तो रेकॉर्डवर आला होता तिथंच आत येत होता. चाळीस वर्षांहून अधिक काळ मध्ये गेला, तरी ती जागा त्याच्या अंगात होती. पण ती तशी का आहे, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्टच नव्हती ती. ती तांगीची होती.

आईचं एक गाणं होतं. नाचायला लागली की पहिलं तेच यायचं:

*भरतीला गेली नाव, ओहोटीला आली नाव,*
*नावेत माझा भाऊ नाही, कुणाला मी पुसू गाव.*

तांगीला लहानपणापासून दम्याचा त्रास. ओळ अशी उचलायचा की छपराला लागेल, पण शेवटाला श्वास संपायचा. 'पुसू'पर्यंत पोचायचा आणि 'गाव' राहायचं. बाहेरच्या कुणाला ते कळलं नाही, कारण तिथं गुल्वेनचा सूर आलेला असायचा. तो अक्षरभर आधी यायचा आणि भावाचा तुटलेला शेवट आपल्या सुराखाली घ्यायचा, थंडीत मोठ्या माणसानं कोटाखाली पोराला घ्यावं तसा. फक्त इथं कोट धाकट्याचा होता. आईच्या कानानं ते पकडलं होतं. आणि त्या तुटलेल्या शेवटासाठीच तांगीनं वखारीत ती बारावी मात्रा काढून टाकली. लोक म्हणाले, काय धाडसी प्रयोग. तांगीचा श्वास तिथपर्यंत पुरत नव्हता, इतकंच. ज्या लाटेवर लाट चढते म्हणून तोक्योचा माणूस दारात वाकला, ती लाट म्हणजे एका भावाचा संपलेला दम आणि दुसऱ्यानं धरलेली झील.

हे सगळं तो एनोराला कसं सांगणार? तो म्हणाला, की मला जमत नाही आता, वय झालं. आणि क्लॅरिनेट पेटीत घालून घरी आला.

तांगी खुर्चीत बसून वाट पाहत होता. त्यानं भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि यंत्र उचललं. "धडकलात," तो म्हणाला.

"धडकलो."

"पोरीला खरं कारण सांगितलंस?"

गुल्वेननं पेटी कपाटावर ठेवली, ती सरळ आहे का पाहिलं, पुन्हा सरळ केली.

बोलायला तांगीला हल्ली मधे मधे थांबावं लागे. रुमाल वर-खाली होत राही. मग त्यानं दुसऱ्या दिवशी एनोराला घरीच बोलावून घेतलं.

ती आली, ओला कोट दाराशी टांगला, कॉफीचा वाडगा दोन्ही हातांत धरून बसली. तांगीनं भावाला बाहेर जाऊ दिलं नाही. यंत्र गळ्याला लावून त्यानं तिला सगळं सांगितलं. एका सुरात, न थांबता, जणू गावच्या ग्रामपंचायतीचा ठराव वाचतोय.

"माझा दम पुरत नव्हता. पहिल्यापासून. माझं शेवटचं अक्षर त्या रेकॉर्डवर कुठंच नाही. ते सगळं याचं आहे. लोक मला शाबासकी देत आले, आणि हा टँकर चालवत राहिला."

एनोरा वाडगा खाली ठेवायचाही विसरली.

"टँकरचं त्यात काय," गुल्वेन म्हणाला. "दूध कुणीतरी न्यायला हवंच होतं."

"गप्प बस," यंत्र म्हणालं. "आता ऐक. ही माझी जागा घेते, तर तू तिला झाकतोस. पण तिला झाकायची गरज नाही, तिची दोन्ही फुफ्फुसं घोड्याची आहेत. म्हणून तू सुरू कर. हिला झील धरू दे. माझ्या सॅक्सोफोनवर."

"मला सुरू करता येत नाही, तांगी."

या वेळी त्यानं शेपूट धरलं नाही, हे तिघांच्याही लक्षात आलं. तांगीचे डोळे बारीक झाले. हसताना व्हायचे तसे.

"येत नाही कसं? तुला पूर्ण ओळ येते," तो म्हणाला. "मला कधी आली नाही. मरायच्या आधी मला ती एकदा पूर्ण ऐकायचीय. तुझ्या तोंडून."

गुल्वेन उठला, बाहेर गेला, आणि सरपणाच्या ढिगाशी गरज नसताना बराच वेळ लाकडं रचत राहिला.

*

रविवारी हॉल भरला. शाळेतली पोरं, पॅरिसहून आलेले चार-दोन शौकीन, आणि गावची जुनी माणसं, ज्यांनी त्या दिवशी शिव्या घातल्या होत्या तीच. सोआझिग काठी घेऊन आली होती. तिनं गुल्वेनला दारातच सांगितलं, की घोट्याचा हिशेब अजून बाकी आहे, आज तरी माणसासारखं वाजवा. मग तिनं काठी भिंतीला टेकवली आणि रिंगणात करंगळी गुंतवली.

तांगीला बाजूच्या खुर्चीत बसवलं होतं, वारा लागू नये म्हणून दारापासून लांब. कोट, गुडघ्यांवर घोंगडी, गळ्याला निळा रुमाल. यंत्र त्यानं खिशातच ठेवलं होतं.

पियानो सुरू झाला. ड्रम आला, झाडूसारख्या तारांच्या काड्यांनी हळूच. रिंगण डुलू लागलं. आणि मग सगळे गुल्वेनकडे पाहू लागले, कारण पुढचं पाऊल त्याच्याकडे होतं.

त्यानं ओठ लावले. आत काहीच नव्हतं. आयुष्यभर समोरून कुणीतरी ओळ आणून हातात द्यायचं. आज समोर फक्त माणसं होती. पियानोनं एक फेरी जास्त घेतली. आणखी एक. एनोरा सॅक्सोफोन छातीशी धरून नुसती उभी राहिली. तिनं मदतीला एक सूरही टाकला नाही, आणि त्याबद्दल तो पुढे तिचा कायम ऋणी राहिला.

त्यानं तांगीकडे पाहिलं. तांगीनं हनुवटी किंचित वर उचलली. लहानपणी अंगणात, ओळ टाकायच्या आधी उचलायचा तशी.

गुल्वेननं सुरू केलं.

म्हाताऱ्या बैलाचा तो आवाज हॉलच्या फरशीवरून निघाला. भरतीला गेली नाव. थोडा कापरा होता, पहिल्या वळणावर घसरलाही, पण निघाला. ओहोटीला आली नाव. रिंगणानं पावलं उचलली. नावेत माझा भाऊ नाही. छातीत श्वास भरपूर होता, टँकरचे पाइप ओढलेल्या माणसाची छाती ती. शेवटपर्यंत सहज जाता आलं असतं. तांगीला पूर्ण ओळ ऐकायची होती. कुणाला मी पुसू—

आणि तिथं तो थांबला. ठरवून नाही. ओठच उघडले. त्या जागेपुढे एकट्यानं कसं जायचं ते त्याच्या अंगाला माहीतच नव्हतं.

रिकाम्या मात्रेत त्याची नजर भावावर होती. तांगी खुर्चीत जरा पुढे झुकला होता. ओठ मिटलेले. आणि गळ्यावरचा निळा रुमाल, मधोमध, आतून फुंकर आल्यासारखा उचलला गेला. एकदाच. नेमका तिथं. 'गाव'.

मग एनोराचा सॅक्सोफोन आला आणि ओळ पुढे घेऊन गेला.

दुसऱ्या फेरीलाही तसंच झालं, तिसरीलाही. हॉलमध्ये कुणाला ते दिसलं नाही. सगळे नाचत होते. एकही पाऊल चुकलं नाही, सोआझिगचंसुद्धा. लोकांना वाटलं, मध्ये एक अक्षरभर जागा मोकळी सोडलीय. गुल्वेन प्रत्येक वेळी थांबत होता आणि रुमाल प्रत्येक वेळी हलत होता, शेवटी शेवटी अगदी थोडा, चिमणीच्या पंखाइतका. पण कधी उशिरा नाही.

घरी येताना गाडीत तांगीनं यंत्र काढलं. "पूर्ण म्हटली नाहीस," तो म्हणाला.

गुल्वेन वळणावर गिअर बदलत म्हणाला, "तू म्हटलीस की."

*

तांगी गेला तेव्हा काटेरी झुडपांच्या कुंपणांवर पिवळी फुलं आली होती. दफनाला एनोरानं काही वाजवू का म्हणून विचारलं. गुल्वेननं नको म्हटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यानं भावाची खोली झाडली. कोट चर्चला दिला, औषधं दवाखान्यात परत केली. यंत्रातली बॅटरी काढून ते क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवलं, जोडांना तेल द्यायच्या बाटलीशेजारी. निळा रुमाल धुतला आणि मागच्या दोरीवर घातला.

आकाश भरून आलं होतं. समुद्र इथून लांब, पण वारा त्या बाजूचा असला की चुलीपर्यंत मीठ येतं. कुंपणापलीकडून सोआझिग कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती रोज आधी बोलायची. आज ती काही बोलली नाही. हात दाण्यांत घालून तशीच उभी राहिली.

"सोआझिग," गुल्वेन म्हणाला, "आज वारा समुद्राकडून..."

आणि 'आलाय' हा शब्द त्यानं तिथंच ठेवला, आणि थोडा थांबला. दोरीवर रुमाल हलला.